निनादच्या रविवारांविषयी

नेरुळ, नवी मुंबई

तीर्थरूप आई व बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे सगळे फोनवरही सांगता आले असते; पण फोनवर बाबा दोन वाक्यांनंतर "घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलात का?" एवढे विचारून रडू लागते, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. यापुढे रविवारी निनाद नौपाड्याला जेवायला येणार नाही. रविवारी तो पनवेलच्या पुढे, जिथून प्रबळगड समोर दिसतो तिथल्या, सोडवून आणलेल्या घोड्यांच्या शेल्टरमध्ये जाईल, आणि मे महिन्याच्या सुट्टीतले दोन आठवडे तिथेच राहील. त्याची शनिवारची क्लासची बॅचही मी बंद केली आहे. पुढच्या वर्षी दहावी आहे हे मला माहीत आहे, आणि हे वाचताना बाबांच्या कपाळावर जी आठी पडेल तीही मला इथून दिसते आहे. तरीही हे ठरले आहे. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र.

आई, तुझी पहिली भीती मला ठाऊक आहे, म्हणून ती आधी दूर करते. निनाद घोड्यावर बसत नाही. तिथे कोणीच बसत नाही, कारण तिथली जनावरे वरातींत आणि गाड्यांना राबून पाठीने व पायांनी थकलेली आहेत, आणि त्यांच्यावर पुन्हा खोगीर चढवायचे नाही हा त्या जागेचा पहिला नियम आहे. मुले खाली उभी राहूनच सारी कामे करतात आणि मोतद्दार काका हाताच्या अंतरावर असतात. पायात जाड बंद बूट, डोक्यावर हेल्मेट आणि धनुर्वाताचे इंजेक्शन आधीच घेतलेले, अशी सगळी व्यवस्था आहे. डबा आणि पाणी घरचेच जाते. तिथून आल्यावर तो पूर्वी कधी जेवत नव्हता तेवढा जेवतो, आणि डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय मी त्याला सोफ्याला हात लावू देत नाही.

तो तिथे नेमके काय करतो, असे तू मागे विचारले होतेस. पाण्याची टाकी घासून भरतो, कारण एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते आणि शेवाळ धरलेल्या पाण्याला तो तोंड लावत नाही. वैरण टाकतो, लीद उचलतो, खरारा करतो. घोड्याचे पोट त्याच्या देहाच्या मानाने लहान असते. त्याला थोडे थोडे सतत खावे लागते आणि वेळ चुकली तर पोटशूळ उठतो. सकाळी हाका मारून माझा घसा बसायचा, तो मुलगा आता रविवारी माझ्याआधी उठून बूट घालून बसलेला असतो.

सगळ्यांत अवघड काम खूर साफ करण्याचे आहे. बिजली नावाची एक म्हातारी पांढरी घोडी त्याच्या वाट्याला आली आहे. तिचा उजवा डोळा गेला आहे, म्हणून तो डावीकडून, तिच्याशी बोलत बोलतच जवळ जातो. मग खांद्यापासून खाली हात फिरवत घोट्यापर्यंत आणायचा आणि थांबायचे. तिने आपला भार दुसऱ्या पायांवर घेतल्याशिवाय पाय उचलत नाही, आणि ओढला तर ती तो आणखी घट्ट रोवते. भार सरकला की खूर अलगद हातात येतो. मग आकड्याने कडेचा चिखल आणि खडे काढायचे, मधला मऊ त्रिकोणी भाग मात्र जपायचा. मी पाहिले तेव्हा खुरातून एक टोकदार खडी निघाली. त्याने ती बोटांत फिरवून पाहिली, खिशात टाकली आणि काही न बोलता दुसऱ्या पायाकडे वळला. (ती खडी आता त्याच्या कंपासपेटीत आहे.)

दादा गेल्यापासून आमच्याकडे दारे किती जोरात आपटली जातात, हे तुम्ही दोघांनी ऐकले आहे. पहिल्या काही रविवारी तो त्याच तावात तिथे गेला आणि बिजली त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. घोडा हा कळपाने राहणारा, हिंस्र श्वापदांचे भक्ष्य होत आलेला प्राणी आहे; समोरच्याचे खांदे ताठ आहेत, श्वास छातीत अडकला आहे, हे त्याला फार लवकर कळते. तो समजूत घालत नाही, उपदेश करत नाही. कान मागे घेतो आणि कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला निघून जातो. आपण सगळे निनादला इतके सांभाळून घेत होतो की त्याच्या रागाचे पुढे काय होते हे त्याला दिसतच नव्हते. तिथे ते दिसले, आणि काका त्याला एवढेच म्हणाले की खांदे सोड, श्वास पोटातून घे आणि तिच्याकडे टक लावून पाहू नकोस. परवा भूगोलाच्या गुणांवरून आमचे वाजले, तेव्हा "आत्ता नको, जेवल्यावर बोलतो" असे म्हणून तो गॅलरीत गेला, आणि जेवल्यावर खरोखर बोलला. शनिवारच्या बॅचपेक्षा मला हे मोलाचे वाटते.

बाबा, डॉक्टर असताना घोडे कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. समुपदेशक बाईंकडे जाणे चालूच आहे, ते थांबवलेले नाही. घोड्यांच्या सहवासाने मन सावरते यावरचे बरेचसे अभ्यास लहान लहान गटांवरचे आहेत, तेव्हा हे औषध आहे असे मी म्हणणार नाही. पण कल्पना नवी नाही. तुम्ही आम्हांला खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीच्या कांस्यपदकाची गोष्ट सांगायचात ना? त्याच १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये लिस हार्टेल या डेन्मार्कच्या बाईंनी घोडेस्वारीत रौप्यपदक मिळवले होते. पोलिओमुळे त्यांचे पाय गुडघ्यांखाली लुळे पडले होते, घोड्यावर चढता-उतरताना त्यांना आधार लागत असे. त्यांच्या उदाहरणानंतर युरोप-अमेरिकेत उपचारांसाठी घोड्यांचा उपयोग करण्याची चळवळ वाढली. पुढे खाली उभे राहून नुसती घोड्यांची देखभाल करण्याचाही मार्ग निघाला. निनादचे काम त्या जातीचे आहे.

बिजली पूर्वी दक्षिण मुंबईत व्हिक्टोरिया ओढत होती, असे तिथले लोक सांगतात. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निव्वळ मौजेच्या त्या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि वर्षभरात बंद करायला सांगितल्या, त्यानंतर ती वरातींसाठी विकली गेली. ते ऐकल्यापासून मला गेटवेची आपली फेरी सारखी आठवते आहे. दादाला गाडीवानाशेजारी बसायला मिळाले म्हणून मी भोकाड पसरले होते, आणि बाबांनी उतरताना मला खांद्यावर घेऊन घोड्याच्या कपाळाला हात लावू दिला होता. तुमच्या खांद्यावरून सगळी मुंबई मला आपल्याच मालकीची वाटायची.

आता जे लिहिते आहे ते वाचून वाईट वाटून घेऊ नका. आई मला म्हणाली होती की त्या म्हाताऱ्या घोडीचा लळा लागून उद्या तीही गेली तर पोराचे काय होईल. दातांवरून तिचे वय विशीच्या पुढचे सांगतात आणि घोडे साधारण पंचवीस-तीस वर्षे जगतात, तेव्हा ही भीती मलाही आहे. पण तिथे त्याच्यापासून काही लपवत नाहीत. तो पशुवैद्यांना सरळ विचारतो, ते त्याला सरळ सांगतात, आणि तिच्या संधिवाताच्या औषधाची वही तोच लिहितो. दादाच्या वेळी त्याला दवाखान्यात न नेण्याचे आपण ठरवले ते त्याच्या काळजीपोटीच ठरवले, आणि मी आजही तसेच म्हणेन. एवढेच, की तेव्हा त्याच्या हातांना काही करायला नव्हते. बाबा रोज सकाळी दादाची स्कूटर सुरू करून बघतात हे त्याच्या लक्षात आले आहे. ती विकायचा विषय मी काढणार नाही, कोणालाही काढू देणार नाही.

तो तुमच्यापासून तुटतो आहे असे मात्र चुकूनही मनात आणू नका. क्लास सोडला तो त्यासाठीच: शुक्रवारी संध्याकाळी मी त्याला नौपाड्यात सोडेन आणि शनिवारी रात्रीच्या जेवणानंतर घेऊन जाईन. रविवारची आमटी शनिवारी झाली तर तिची चव बदलणार नाही, आई, आणि तसाही रविवारी तो तुमच्याकडे मोबाईलमध्येच डोके घालून बसायचा. त्याच्यासाठी गादी माळ्यावरून काढायची आहे, ती मी काढेन. तू स्टुलावर चढायचे नाहीस, हे मी शेवटचे सांगते आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस सोमवारी येईल, त्याला "पुढच्या आठवड्यात ये" असे म्हणून परत पाठवू नका. बाबांनी साखरेची तपासणी करून घ्यावी, आणि तपासणीच्या आदल्या दिवसापुरते पथ्य पाळून आकडे चांगले आणण्याची युक्ती या वेळी करू नये.

पाऊस लागायच्या आत एकदा दोघेही तिथे या. ट्रान्सहार्बरची गाडी ठाण्याहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळेल. जिने चढू नका, लिफ्ट वापरा, नेरुळला मी घ्यायला येईन. बिजलीसाठी शिळ्या पोळ्या किंवा लाडू बांधून आणू नकोस, आई. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे भलते काही पोटात गेले तर जिवावर बेतते. गाजरे आण, पण उभी लांब चिरून, कारण गोल चकत्या घशात अडकतात. निनाद सांगेल त्या बाजूनेच पुढे व्हा आणि त्याने थांबायला सांगितले तर थांबा. तिथे त्याचेच ऐकायचे असते, बाबा, तुम्हीसुद्धा.

तुमची,
चिंगी