गाडी चढू दे, माणूस उतरवू नका

मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, यांस,
विषय: ठाण्यातले पदपथ चालण्याजोगे करणे.

स. न. वि. वि.

मार्च २०१८मध्ये नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी ठाण्यावरून मुंबईत शिरले. दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांचा खोळंबा नको म्हणून सायनहून आझाद मैदानाकडे ते रात्रीच चालले. हजारो पाय एकदम उचलले की रस्ता मोकळा होतो, सरकार चर्चेला बसतं. स्टेशनवरून भाजीची पिशवी घेऊन एकटी निघालेली बाई मात्र रहदारीला अडथळा ठरते. पदपथ हा तिचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१मधला, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये सांगितलं.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली पदपथावर किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा मागते. मोकळी, म्हणजे विजेची पेटी, झाडाचं आळं आणि दुकानाची पायरी वगळून. अडीच मीटरचा पदपथ कागदावर ऐसपैस दिसतो, या तिघांनंतर मीटरभरही उरत नाही.

दुसरं दुखणं गेटचं. सोसायटीच्या गेटपाशी पदपथ कापून रस्त्याच्या पातळीला आणतात. चार गेटं म्हणजे चारदा उतरा, चारदा चढा. पदपथ सलग एका उंचीवर ठेवा, चढेल ती गाडी. कडेची उंची १५० मिमीच्या वर नको. रस्ता ओलांडायच्या जागी तेवढ्या उंचीला १:१२ने (एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी) १.८ मीटर लांब उतार लागतो. गाड्या अडवायला पदपथाच्या तोंडाशी लावतात त्या खांबांमध्ये १.२ मीटर अंतर ठेवलं तर व्हीलचेअर जाते, मोटार अडते. (दुचाकी जातेच, तिला दंडच हवा.)

पेव्हर ब्लॉक डुगडुगतात त्यात ब्लॉकचा दोष क्वचितच असतो. केबलचा चर माती ढकलून एकदम भरला, १५-२० सेंमीच्या थरांनी ठोकला नाही, की पहिल्याच पावसात खचतो. कडेचा दगड हलला तर खालची वाळूही वाहून जाते.

सिग्नलचं गणित सोपं आहे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरला तर २४ मीटरचा रस्ता २० सेकंदांत ओलांडता येतो, आजोबांच्या ०.८च्या चालीने ३० लागतात. घोडबंदरसारख्या मोठ्या रस्त्यावर लिफ्टसह पादचारी पूल समजू शकतो. आतल्या रस्त्यांवर मात्र पूल नकोच. साडेपाच मीटर चढायला १५ सेंमीच्या ३७ पायऱ्या, उतरायला तेवढ्याच. गुडघेदुखीचा माणूस दुभाजकाच्या फटीतूनच जाणार, आणि अपघात झाला की चूक त्याचीच ठरणार.

सुरुवात गोखले रोडपासून करा. दर दहा मीटरला मोकळी रुंदी मोजून आकडे जाहीर करा. यापुढे कोणत्याही पदपथाचं बिल काढण्याआधी अभियंत्याने त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत व्हीलचेअर ढकलत न्यावी. जिथे अडेल, तिथलं काम अपुरं.

आपले,
ठाण्यातील काही स्थापत्य अभियंते व नियोजक