नऊ नंबरची जर्सी घालणाऱ्या लेकीस

चि. चिऊस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

इंडियन विमेन्स लीगच्या क्लबचा करार हातात आला आहे आणि आठवड्याभरात तू निघशील. सांगायचं ते बोलण्यात राहून जातं, म्हणून लिहून देते. तिकडे होस्टेलवर सावकाश वाच.

स्ट्रायकरला लोक गोलवरून ओळखतात, पण तिचं खरं काम चेंडू येण्याआधी होतं. नव्वद मिनिटांत चेंडू तुझ्या पायाशी जेमतेम दोन मिनिटं असणार. बाकीचा सगळा वेळ तू कुठे उभी आहेस, कुणाच्या पाठीमागे आहेस आणि कधी पळतेस, यावर तुझा पगार ठरतो. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोघा-तिघांना चकवणाऱ्याला टाळ्या मिळतात. क्लबचा प्रशिक्षक मात्र बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, मोकळी सापडणारी मुलगी शोधत असतो.

उभं राहण्यापासून सुरुवात कर. स्टॉपरला, म्हणजे मधल्या बॅकला, चेंडू आणि तू एकाच नजरेत दिसता कामा नये. तिच्या पाठीमागच्या खांद्याशी, दीड-दोन मीटरवर राहा, म्हणजे तुला बघायला तिला मान वळवावी लागेल. ज्या क्षणी ती चेंडूकडे बघते तो क्षण तुझा. त्यातही दोन स्टॉपरच्या मधल्या जागेपेक्षा स्टॉपर आणि साइड बॅक यांच्यामधली फट जास्त उपयोगाची, कारण तिथे ‘ही कुणाची?’ हे त्या दोघींनाही पटकन ठरवता येत नाही.

पळण्याची वेळ पास देणारीकडे बघून ठरव. तिने चेंडू पायापासून अर्धा मीटर पुढे टाकला आणि मान वर केली की निघ. त्याआधी निघालीस तर ऑफसाइड तरी होशील, म्हणजे पास निघण्याआधीच बचावाच्या मागे सापडशील, नाहीतर जागेवर पोचून थांबून राहशील, आणि थांबलेल्या स्ट्रायकरला धरणं कुठल्याही बॅकला सोपं. सरळ रेषेत पळू नकोस. आधी बचावाच्या रेषेला समांतर दोन-तीन पावलं, मग कमान घेऊन आत. त्याने ऑफसाइडही टळते आणि चेंडू दिसत राहतो. चेंडूकडे तीन पावलं येऊन एकदम उलट फिरणं ही सगळ्यांत जुनी चाल अजूनही चालते, पण पहिली तीन पावलं खरी वाटली पाहिजेत. त्यासाठी अधूनमधून खरोखरच जवळ येऊन पास घे, नाहीतर स्टॉपर फसणार नाही. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवर थेट ऑफसाइड नसते, हे थकल्यावर भल्याभल्या खेळाडू विसरतात. विशेषतः थ्रो-इनला बचावाच्या मागे जाऊन उभी राहत जा.

क्रॉसच्या वेळी, म्हणजे कडेने गोलसमोर चेंडू येतो तेव्हा, जवळचा खांब, पेनल्टीचा ठिपका आणि लांबचा खांब अशा तीन जागा असतात. आपली विंगर, म्हणजे कडेने खेळणारी, गोललाइनपर्यंत पोचली की सगळ्या बॅक गोलकडे धावत सुटतात. तेव्हा तू त्यांच्याबरोबर धावू नकोस. ठिपक्याजवळ, दहा-अकरा मीटरवर, पाय रोवून थांब. मागे ओढलेला पास तिथेच येतो. हे थांबणं शिकायला पळण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आता फटका. टेकवलेला पाय चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर, बोटं जिथे मारायचं त्या दिशेला. घोटा घट्ट, नजर चेंडूवर, छाती चेंडूच्या वर. टेकवलेला पाय मागे राहिला की शरीर मागे कलतं आणि चेंडू बारवरून जातो. तुझे वर गेलेले फटके आठव, बहुतेक वेळा कारण हेच असतं, ताकद नव्हे. कोनातून मारताना लांबच्या खांबाकडे, जमिनीलगत मार. उभ्या गोलकीपरला खाली झुकायला वेळ लागतो, आणि तिने हात लावला तरी चेंडू मैदानात परत येतो, तिथे दुसरी कुणी पोचू शकते. जवळच्या खांबाकडे अडवलेला चेंडू बहुधा कॉर्नरला जातो.

१९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात गेर्ड म्युलरने केलेला विजयी गोल पुन्हापुन्हा बघ. चेंडू त्याच्या थोडा मागे राहिला होता. तो चेंडूपर्यंत परत आला, वळला आणि खालून लांबच्या कोपऱ्यात मारला. फटक्यात जोर फारसा नव्हता. पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल करणाऱ्या या माणसाचे बरेचसे गोल असे छोट्या जागेतले, पटकन वळून मारलेले आहेत. उंचीची काळजी तू उगाच करतेस. सुनील छेत्री पाच फूट सात इंचाचा, आणि भारतासाठी त्याचे ९५ गोल. त्यातले हेडरचे गोल बघ, तो बॅकच्या आधी उडी घेतो. चेंडू खाली येताना तिथे पोचायचं, डोळे उघडे ठेवायचे, कपाळाने मारायचं आणि शक्यतो जमिनीकडे.

सरावात शेकडो फटके मारायची तुझी सवय मोडायला हवी. पूर्ण ताकदीचे फटके एका दिवसात चाळीसच्या वर नेऊ नकोस: आठ-आठचे पाच सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. त्यापुढे पाय थकतो, मांडीच्या पुढचा स्नायू आणि जांघ दुखावते, आणि थकलेल्या पायाने चुकीचं तंत्रच अंगवळणी पडतं. त्या चाळिसांतले पंधरा डाव्या पायाने. आणि ठेवलेल्या चेंडूवर सराव कमी कर. सामन्यात चेंडू हलत येतो, बाजूने बॅक येते आणि मारायला सेकंदभरही मिळत नाही. म्हणून पास घेऊन, पाठीवर कुणीतरी ठेवून, एका किंवा दोन टचमध्ये मार.

पाठ गोलकडे असताना बॅकला पूर्ण पाठ देऊन उभी राहू नकोस. एक खांदा तिच्याकडे करून बाजूने उभी राहा, कोपर न उचलता हाताने अंतर ठेव, आणि बॅकपासून लांबच्या पायाने चेंडू घे. पास येण्याआधी एकदा खांद्यावरून मागे बघितलंस तर वळायचं की परत द्यायचं हे आधीच ठरलेलं असेल. आणि चेंडू त्यांच्याकडे असताना पहिली बॅक तूच असतेस. सरळ धावून गेलीस तर स्टॉपर दुसऱ्या स्टॉपरला पास देते आणि तुझी धाव वाया जाते. कमानीत धाव, त्या दोघींमधला रस्ता अंगाने बंद कर, म्हणजे तिला बाजूलाच खेळावं लागेल.

गोल आटले की काय करायचं, हे आत्ताच लिहून ठेव, कारण ते दिवस येतातच. पाच-सहा सामने कोरडे जाणं कुणालाही चुकलेलं नाही. वहीत प्रत्येक सामन्यासाठी दोन आकडे मांड: बॉक्समध्ये किती वेळा संधीपर्यंत पोचलीस, आणि त्यातले किती फटके गोलच्या चौकटीत गेले. पहिला आकडा टिकून असेल आणि गोल नसतील तर काही बदलू नकोस, गोल येतील. पहिलाच घसरला असेल तर पळण्यात आणि उभं राहण्यात चूक आहे, तिथे नेमबाजीचा सराव वाढवून उपयोग नाही. सगळ्यांत सोपी मानलेली पेनल्टीसुद्धा शंभरातल्या साधारण ७५ ते ८० च आत जातात, हे लक्षात ठेवलंस तर एका हुकलेल्या संधीवर रात्र काढणार नाहीस.

मला खरी धास्ती आहे ती गुडघ्याची. मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल लिगामेंट, म्हणजे आतली हाडं बांधून ठेवणारा पट्टा, तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा दुपटीहून जास्त आहे, आणि बऱ्याचदा समोरून धक्का लागलेलाच नसतो. उडीवरून ताठ पायावर उतरताना किंवा पळताना एकदम दिशा बदलताना गुडघा आत वळतो आणि तुटतो. परत खेळायला नऊ महिने ते वर्ष जातं. फिफाचा ‘११ प्लस’ हा वॉर्म-अप त्यासाठीच आहे: वीस मिनिटं, पंधरा व्यायाम. आठ मिनिटं पळणं, दहा मिनिटं ताकद-तोल-उड्या, शेवटी दोन मिनिटं वेगाने पळणं. नॉर्वेत तुझ्याहून लहान मुलींच्या संघांवर तो तपासला गेला तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. आठवड्यातून दोनदा तरी तो पूर्ण कर. क्लबने घेतला नाही तर स्वतः वीस मिनिटं आधी मैदानात जा. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आणि वाकलेला, एवढं मैत्रिणीला बघायला सांग.

बुटांचंही तेच. गवतावरचे लांब स्टड कृत्रिम टर्फवर अडकतात, पाऊल थांबतं आणि गुडघा फिरतो. टर्फसाठी आखूड आणि जास्त स्टडवाली वेगळी जोडी घे. टाच आत हलत असेल तर तो बूट आवडला तरी नको.

खाण्यात दोन गोष्टी. सामन्याच्या तीन तास आधी भात किंवा चपाती, थोडं वरण, उकडलेला बटाटा. तांबडा रस्सा सामना झाल्यावर, कारण तेल-तिखट पोटात रेंगाळतं. दिवसभरात तुझ्या ५५ किलो वजनाला ८५-९० ग्रॅम प्रथिनं लागतील, आणि एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, तेव्हा हिशेब करून दूध, डाळ, चिकन, पनीर बसव. दुसरी गोष्ट लोहाची. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, दोन्ही तपास. हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन कमी असलं तरी दम लवकर लागतो. जेवणावर लगेच चहा नको, त्याने लोह नीट अंगी लागत नाही, तासभर जाऊ दे. पाळी सलग तीन महिने चुकली तर ‘सराव जास्त आहे म्हणून’ असं कुणीही म्हणो, डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा सरावाच्या मानाने खाणं कमी पडलेलं असतं आणि हाडं कमजोर होऊ लागलेली असतात. हे प्रशिक्षकाला सांगायला लाजू नकोस. सर्दीच्या काही गोळ्यांत आणि जिममध्ये मिळणाऱ्या पावडरच्या डब्यांत डोपिंगला बंदी असलेले पदार्थ असू शकतात. संघाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. नमुन्यात सापडलं तर ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही.

प्रशिक्षकाने विंगवर खेळवलं तर तोंड पाडू नकोस. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात पुढच्या फळीत खेळला, नंतर क्लबांनी त्याला बऱ्याचदा विंगवर वापरलं. छेत्रीसुद्धा बेंगळुरू क्लबकडून कितीतरी सामने डावीकडून खेळला. तिथून आत यायच्या वाटा शिकशील. आणि उशिराची भीती नको: भारताची स्ट्रायकर बाला देवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबशी करारबद्ध झाली तेव्हा तिशीला टेकली होती. जेमी वार्डी इंग्लंडमध्ये छोट्या क्लबांतून वर आला आणि २०१५-१६ मध्ये लेस्टरबरोबर लीग जिंकला तेव्हा २९ वर्षांचा होता.

आता करार. तू १८ पूर्ण केलीस, म्हणजे सही तुझी आणि जबाबदारीही तुझी. महिन्याचा पगार किती, कुठल्या तारखेला, किती महिन्यांचा, हे आकड्यात हवं. लीग संपली की पगार थांबतो का, हे विचार. भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये वरच्या श्रेणीच्या क्लबांना किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला ३.२ लाखांचा करार देणं बंधनकारक करण्याचं जाहीर केलं होतं, तेव्हा तुझा आकडा त्याच्याशी ताडून बघ. शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या फिजिओथेरपीचा खर्च कुणाचा, आणि जखमी असताना पगार चालू राहील का, ही दोन वाक्यं लेखी नसतील तर सही पुढे ढकल. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला १५ दिवसांची लेखी मुदत देऊन खेळाडूला करार मोडता येतो. तोंडी तक्रारीला तिथे किंमत नाही, म्हणून प्रत्येक मागणी ई-मेलने कर. वाद झाला तर महासंघाच्या प्लेयर स्टेटस कमिटीकडे जाता येतं. एजंट आलाच तर त्याच्याकडे परवाना आहे का ते आधी बघ.

शिक्षण सोडायचं नाही, हे आपलं आधीच ठरलं आहे. मुक्त विद्यापीठातून पदवी कर, परीक्षेच्या तारखा क्लबला हंगामाच्या सुरुवातीलाच कळव. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते स्पर्धेच्या दर्जावर आणि पडताळलेल्या प्रमाणपत्रावर मिळतं. प्रत्येक राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र घरी पाठव, मी फाइलला लावून ठेवीन. नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्याप्रमाणेच आहे ना, हे तिथल्या तिथे तपास, मागाहून दुरुस्त करायला महिने लागतात. बारावीची मूळ गुणपत्रिका क्लबकडे ठेवायला देऊ नकोस. त्यांना दाखव, साक्षांकित प्रत दे आणि मूळ कागद माझ्याकडेच राहू दे. कराराची त्यांच्या सहीची प्रत मात्र त्याच दिवशी हातात घे, आणि पानापानाचे फोटो मला पाठव.

तुझी,
आई