हरितद्रव्य पाणी फोडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला झाडांवरचा लेख आवडला, पण त्यात 'हरितद्रव्य पाण्याचे विघटन करते' असं सरळ छापलंय ते चूक आहे. हरितद्रव्य उजेड पकडतं. पाणी फोडायचं काम, पानातल्या ज्या पातळ पडद्यात हरितद्रव्य असतं त्याच पडद्यात बसलेले मँगनीजचे चार अणू आणि सोबत कॅल्शियमचा एक अणू मिळून करतात, आपल्या श्वासातला ऑक्सिजन येतो तो तिथून.

हे कळलं कसं तर मॅग्नेटिक रेझोनन्सने, आणि खरी मजा तीच आहे जी लेखात अजिबात नाही. एमआरआयला कधीकधी गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात ना, त्याने आसपासच्या पाण्यातले, यंत्राने हलवलेले प्रोटॉन (हायड्रोजनची केंद्रकं) लवकर मूळपदावर येतात, मँगनीजही तेच करतं. 1975 मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात गोविंदजी (मूळचे अलाहाबादचे बरं का) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालकाच्या क्लोरोप्लास्टवर (पेशीतल्या हरितद्रव्याच्या हिरव्या कणांवर) प्रोटॉन किती लवकर परततात हेच मोजलं, मग प्रकाशाचे फ्लॅश देत गेले तर हा आकडा दर चार फ्लॅशला वरखाली! त्याचा अर्थ काय लावायचा यावर नंतर वाद झाले, ते सोडा.

दुसरी पद्धत ईपीआर, म्हणजे मॅग्नेटिक रेझोनन्सच, पण यात प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉनचा सिग्नल बघतात. मँगनीज पाण्यात मोकळं असलं की हमखास सहा रेषा येतात. पालकाचे पडदे जरा जास्त तापवले की या सहा रेषा दिसायला लागतात म्हणजे मँगनीज निसटलं, आणि ऑक्सिजनही बंद. पण 1980-81 च्या सुमारास डिस्म्यूक्स आणि सिडरर या शास्त्रज्ञांनी क्लोरोप्लास्टला एकच फ्लॅश देऊन लगेच गोठवलं आणि हेलियमच्या थंडीत मोजलं तर रेषा निघाल्या अठरा-वीस, एकट्या अणूच्या इतक्या येणं शक्यच नाही, म्हणजे हे अणू एकमेकांशी बांधलेले. जपानी शास्त्रज्ञांनी क्रिस्टलवरून या जोडणीतला अणू न् अणू दाखवला तो 2011 मध्ये, तब्बल तीस वर्षांनी!

आमच्याकडे कृषी सेवा केंद्रातून मँगनीज सल्फेट आणून फवारणारे कमी नाहीत, ते पानात जाऊन काय करतं हे त्यांनाही वाचायला आवडेल.

तेव्हा दोन ओळींची दुरुस्ती छापा, पोरं कात्रणं काढून प्रोजेक्टला चिकटवतात. आणि कृपा करून त्यात मॅग्नेशियम छापू नका, ते हरितद्रव्यातलं, हे मँगनीज.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली