विचारायला काय लागतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उद्यानांत फोटो काढायला सरसकट बंदी घाला, हे कालच्या अंकातले पत्र वाचले. पत्रलेखकांचा राग मला समजतो, उपाय मात्र पटत नाही. बंदी आली की गेटवरचा रखवालदार आधी अडवणार तो नातीचा फोटो काढणाऱ्या आजोबांना. रीलवाले कुंपणाबाहेरूनही काढतील.

गेल्या मे महिन्यात साडेचार वर्षांच्या नातवाला पुण्याच्या पेशवे पार्कात फुलराणी या मुलांच्या छोट्या आगगाडीत बसवायला नेले होते. १९५६ पासून ही गाडी धावते आहे. तिच्यात मी बसले, माझा मुलगा बसला, आता नातवाची पाळी. गाडी सुटली आणि पोर घाबरून रडायला लागले. पुढे बसलेला एक तरुण मागे वळून मोबाइलवर त्याचाच व्हिडिओ काढत होता. उतरल्यावर त्याला म्हटले, "बाळा, तेवढा डिलीट कर." तो म्हणाला, "काकू, पब्लिक प्लेस आहे." आणि निघून गेला. आठ दिवसांनी तोच व्हिडिओ आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. रडणाऱ्या पोरावर हसण्याचे आवाज चिकटवलेले, टी-शर्टवरचे बालवाडीचे नाव स्पष्ट वाचता येत होते. शेजारच्या मुलांनी तो नातवाला दाखवला. आता फुलराणीचे नाव काढले की तो आईच्या मागे लपतो.

जागा सार्वजनिक, हे खरे. तिथे फोटो काढू नका असे सरसकट सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण कुणी वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापर केला, तर तो कायदा लागू होत नाही. अनोळखी लोकांपुढे टाकलेला माझ्या नातवाचा रडका चेहरा घरगुती कारणात बसतो, हे मी कधीही मान्य करणार नाही.

आमच्या ह्यांना फोटोंचा फार नाद. ३६ फोटोंचा रोल घालून सारसबागेत, संभाजी बागेत कितीतरी परक्या मुलांचे फोटो त्यांनी काढले. दरवेळी आईवडिलांना विचारून, पत्ता लिहून घेऊन, एक प्रत टपालाने पाठवून. त्यातल्या एका कुटुंबाचे दिवाळीचे पत्र आमच्याकडे कित्येक वर्षे येत होते. बंदी असती तर तेही गुन्हेगार ठरले असते.

'फुले तोडू नका' अशी पाटी बागेत असतेच. तिच्या शेजारी 'पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत' ही पाटी महापालिकेने लावावी, आणि कुणी तक्रार केली तर रखवालदाराने जागचे उठून यावे.

आपली,
एक आजी, सहकारनगर

ता. क. : नातवाच्या बालवाडीनेही स्नेहसंमेलनाचे फोटो मुलांच्या पूर्ण नावांसह फेसबुकवर टाकले आहेत. सूनबाई विचारायला गेली तर 'प्रवेश अर्जावर तुमची सही आहे' असे उत्तर मिळाले. फोटो अजून तिथेच आहेत.