नवउद्योजक सभासदांसाठी अभ्याससभेची सूचना

सर्व सभासद बंधुभगिनींना प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

येत्या रविवारी उपासनेनंतरच्या अभ्याससभेत ‘विश्वास आणि व्यवहार’ हा विषय घेतला जाणार असून, बेळगाव शहरासह खानापूर व निपाणी भागांतील जे सभासद स्वतःचा व्यवसाय सुरू करू इच्छितात, त्यांनी अगत्याने उपस्थित राहावे. लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायातील 28 ते 30 ही वचने प्रत्येकाने आधी वाचून यावीत. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभू येशू तेथे सांगतात; तेथील संदर्भ शिष्यत्वाचा असला तरी, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत भाड्याने गाळा घेऊन लेथ यंत्र बसवू पाहणाऱ्या तरुणालाही अनामत, वीजजोडणी आणि बिले वसूल होईपर्यंतचे कामगारांचे पगार यांची बेरीज आधी मांडावीच लागते. प्रार्थना केली म्हणून ही बेरीज टळत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तंबू बनवून पोट भरणारा पौल (प्रेषितांची कृत्ये 18:3) आणि जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया (16:14) यांच्याविषयीही चर्चा होईल. खोट्या तराजूसंबंधीचे वचन (नीतिसूत्रे 11:1) उधारी व मापाच्या प्रश्नांसोबत घेतले जाईल.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी कोणत्याही एजंटाला पैसे देऊ नयेत, हे पुन्हा एकदा मुद्दाम कळवावे लागत आहे. येताना आपल्या नियोजित व्यवसायाचे अंदाजपत्रक, कर्ज घेणार असल्यास मासिक हप्त्यासह, एका कागदावर लिहून आणावे.

— कार्यवाह