त्या दोन उलट्या ओळींसाठी

आदरणीय काकू,

सादर नमस्कार. आईने लॅच हुकने (जाळीच्या घरांत लोकरीच्या तुकड्यांच्या गाठी मारायच्या आकड्याने) केलेले आणि तुम्ही दुरुस्त करून दिलेले वॉल हँगिंग पुन्हा भिंतीवर लावून आज आठ दिवस झाले, तरी येता-जाता माझा हात त्याच्या लोकरीवरून फिरतोच. समोर आले की मला धड बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे येण्यापूर्वी मी ते एका धुलाईवाल्यांकडे दिले होते. "लोकरच आहे ना, होऊन जाईल," असे म्हणून त्यांनी ते सरळ गरम पाण्यात बुडवले. जाळीला ताठपणा देणारी खळ उतरून गेली, फुलांचा लाल रंग पांढऱ्या लोकरीत पसरला आणि आईने महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू ओल्या पोत्यासारखी लोंबत माझ्या हाती आली. वर "जुनेच होते ते" हेही ऐकून घ्यावे लागले. (तरीही मी निमूटपणे पैसे देऊन आले, याचा राग अजून स्वतःवरच आहे.)

तुम्ही मात्र ते हातात घेताच आधी उलटे केले आणि पाठीमागची जाळी बोटांनी चाचपून पाहिली. इंचाला पावणेचार घरे, म्हणजे एका चौरस फुटात दोन हजारांवर गाठी, आणि प्रत्येक गाठ लोकरीच्या वेगळ्या तुकड्याची, त्यामुळे एक उपसली तरी शेजारची सुटत नाही, हे तुम्ही सांगितले तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला. डागाळलेले पांढरे तुकडे तुम्ही एकेक करून बदललेत. आता डाग पडलाच, तर मी थंड पाण्यात पिळलेल्या पांढऱ्या फडक्याने तो नुसता टिपते, घासत नाही.

पण हे पत्र खरे तर त्या फोनसाठी आहे. "तळाकडच्या दोन ओळींच्या गाठी उलट्या बाजूने मारल्या आहेत, म्हणून तिथली लोकर वर वळते आणि गडद दिसते. सरळ करू, की असू देऊ? करणाऱ्यांनी बहुधा बसण्याची बाजू बदलली असावी," असे तुम्ही म्हणालात, आणि माझ्याने उत्तरच देववेना. शेवटी शेवटी खांदा धरल्यामुळे आई खरोखरच जाळी फिरवून घेऊन बसत असे. आईला कधीही न पाहिलेल्या तुम्ही, तिचे ते दुखणे दोन ओळींत ओळखलेत. हाताला कसब असलेली माणसे भेटतात, काकू, पण दुसऱ्याच्या वस्तूतली चूक सुधारण्याआधी थांबून विचारणारी फार थोडी.

त्या ओळी तशाच आहेत. संध्याकाळी तिरपे ऊन आले की नेमक्या उठून दिसतात.

मीही आता एक लहानशी जाळी आणली आहे. तीन ओळी झाल्या, त्यातली मधली उलटी गेली आहे आणि ती मात्र मला सरळ करायची आहे. रविवारी घेऊन येते.

आपली नम्र,
तुमच्याकडे ते ओले बोचके घेऊन आलेली मुलगी