वजन आणि मन यांचे उपचार एकत्र व्हावेत

महोदय,

लठ्ठपणाला आळस आणि नैराश्याला मनाचा दुबळेपणा समजण्याची सवय अजूनही सुटलेली नाही, आणि ज्यांना हे दोन्ही आजार एकाच वेळी जडतात त्यांना तर दुहेरी दोष सोसावा लागतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता सुमारे ५५ टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्तांना लठ्ठपणा येण्याची शक्यता सुमारे ५८ टक्क्यांनी अधिक आढळली होती. शरीरातील सौम्य पण सततचा दाह, बिघडलेली झोप आणि लोकांचे टोमणे, अशी यामागची कारणे अनेक आहेत.

मिर्टाझापिनसारख्या काही नैराश्यरोधक औषधांनी भूक व वजन वाढते. ही गोष्ट रुग्णाला अनेकदा आधी सांगितली जात नाही आणि मग तो कोणालाही न विचारता गोळ्या बंद करतो, हे मला सर्वांत गंभीर वाटते. औषध निवडतानाच वजनाचा विचार व्हावा, आणि वजन कमी करण्यासाठी आलेल्याच्या मनःस्थितीचीही आस्थेने चौकशी व्हावी. नियमित व्यायाम दोन्हींत उपयोगी पडतो, मात्र खचलेल्या माणसाला त्यासाठी सोबत लागते. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही मानसोपचारतज्ज्ञांची देखरेख सुरू राहावी, कारण त्यानंतर काही रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका वाढल्याचे दिसून आले आहे.

— एक वाचक